शिळाछापातला पूल : चित्रातले आणि चित्राबाहेरचे

सारोळे हे भोर तालुक्यातले नीराकाठचे गाव. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना इथे पुणे जिल्हा संपतो. पूल ओलांडला की शिरवळचा परिसर, म्हणजे सातारा जिल्हा. दिवसरात्र या पुलावरून गाड्या धावतात. त्यांतल्या कोणालाही आपण नदी ओलांडली याची जाणीव होत नाही. चांगल्या पुलाचे लक्षणच ते आहे. पूल आपल्याला नदीचा विसर पाडतो, आणि नदीबरोबर ती ओलांडून देणाऱ्या माणसांचाही विसर पाडतो. हा दुसरा विसर हा या लेखाचा विषय आहे.

काही महिन्यांपूर्वी इथल्या मुलांपुढे मी एका जुन्या चित्राची प्रत ठेवली. चित्र एकोणिसाव्या शतकातले, शिळाछापाचे. विषय कलकत्त्याजवळचा एक झुलता पूल. मुलांनी ते हातोहात फिरवले. ‘सुंदर आहे’, ‘फोटोसारखे दिसते’, असे अभिप्राय आले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हा पूल बांधला कुणी?” मी चित्राखालचे नाव वाचून दाखवले. ती म्हणाली, “हे तर चित्र काढणाऱ्याचं नाव. मी बांधणाऱ्याचं विचारते.”

कलासमीक्षेच्या जाडजूड ग्रंथांत हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. चित्राची रचना कशी आहे, छायाप्रकाश कसा आहे, रेषेला लय आहे का, असे प्रश्न तिथे असतात. ते गैरलागू आहेत असे मी म्हणणार नाही. पण ते पुरे आहेत असे जे म्हणतात त्यांच्याशी आपला वाद आहे. दलित साहित्याच्या चळवळीने साहित्याला जे प्रश्न विचारले, ते चित्राला विचारायला आपण अजून पुरेशी सुरुवात केलेली नाही. कविता आपण तपासली, आत्मकथन आपण उभे केले, पुराणे उलटी करून वाचली. भिंतीवर टांगलेल्या आणि पाठ्यपुस्तकात छापलेल्या चित्रापुढे मात्र आपण अजून मान डोलावून पुढे जातो.

चित्राचा तपशील असा. सर चार्ल्स डॉइली या इंग्रज अधिकाऱ्याने कलकत्ता आणि भोवतालची दृश्ये काढली. त्यांचा मोठ्या आकाराचा संग्रह लंडनच्या डिकिन्सन कंपनीने १८४८ साली शिळाछापावर प्रसिद्ध केला. त्यातले हे एक दृश्य : अलिपूर येथील टॉलीच्या नाल्यावरचा झुलता पूल. डॉइली जन्माने बंगालचा, १७८१ सालचा. नोकरी ईस्ट इंडिया कंपनीची. पाटण्यात तो कंपनीचा अफू एजंट होता. शेतकऱ्याच्या शेतात खसखस पिकवून घ्यायची, तिची अफू करायची आणि ती चीनच्या बाजाराकडे रवाना करायची, या व्यवहाराचा तो मोठा अधिकारी. फावल्या वेळात तो चित्रे काढी. १८४५ साली तो इटलीत वारला. संग्रह त्याच्या मृत्यूनंतर निघाला.

चित्राचे शीर्षकच आधी वाचू. त्यात तीन गोष्टी आहेत : अलिपूर, टॉली आणि झुलता पूल. हा टॉली कोण? कंपनीच्या फौजेतला अधिकारी विल्यम टॉली. १७७५ ते १७७७ या काळात त्याने गंगेचा एक जुना, गाळाने भरलेला प्रवाह खोदून नावांना वाहता केला. येणाऱ्याजाणाऱ्या नावांवर जकात घेण्याचा हक्क त्याला मिळाला, काठावर त्याने बाजार वसवला. त्याचेच नाव टॉलीगंज. त्या प्रवाहाचे मूळ नाव आदिगंगा. कालीघाटाचे प्रसिद्ध देऊळ याच प्रवाहाच्या काठी आहे. म्हणजे नाव आधी देवाचे होते, मग साहेबाचे झाले. ज्यांनी कमरेएवढ्या चिखलात उभे राहून पाट्या उपसल्या, त्यांचे ते केव्हाच नव्हते. सत्ता बदलली की पाटी बदलते. पाटीवर न येणारी माणसे मात्र बदलत नाहीत. शीर्षकातल्या एका शब्दात एवढा इतिहास दडलेला आहे, आणि सौंदर्यवादी समीक्षा शीर्षकाला चित्राबाहेरची गोष्ट समजते!

आता चित्राची रीत पाहू. त्या काळच्या इंग्रज चित्रकारांना हिंदुस्थानात ‘चित्रवत’ दृश्ये हवी असत. एक वास्तू, थोडे पाणी, बाजूला झाडी, वर मोकळे आकाश, आणि पुढच्या भागात दोनचार देशी माणसे. ही माणसे कशासाठी? वास्तू केवढी आहे हे कळावे म्हणून आणि दृश्य ओके वाटू नये म्हणून. पखालवाला, पालखीचा भोई, नावाडी, डोक्यावर ओझे घेतलेली बाई, हे अशा चित्रांतले ठरलेले गडी. त्यांना चेहरा नसतो. ते चित्रात असतात पण चित्र त्यांचे नसते. आपल्या गावगाड्याची रचना ज्याला ठाऊक आहे त्याला ही रीत परकी वाटणार नाही. महार वेशीवर असतो, गावात नसतो. वेशीचे राखण त्याने करायचे, येणाऱ्या अंमलदाराला वाट त्याने दाखवायची, सरकारी ओझे पुढच्या गावापर्यंत त्याने वाहायचे. गावाच्या हिशेबात मात्र त्याची जागा अशी, की तो नसला तर गाव अडते आणि असला तर गाव विटाळते. चित्रातल्या पखालवाल्याची जागा नेमकी अशीच आहे.

‘तुम्ही चित्रात जात शोधता’, असा आक्षेप आता येईल. मी शोधत नाही. ती चित्राच्या मांडणीतच आहे. कोण मध्यभागी, कोण कडेला, कोणाला नाव, कोणाला फक्त आकार, हे चित्रकाराने ठरवलेले असते. ते ठरवणे म्हणजेच रचना. रचनेचे कौतुक करायचे आणि तिने काय ठरवले ते विचारायचे नाही, याला रसिकता म्हणत असतील तर ती सोयीची रसिकता आहे.

आता ज्या दगडावरून हे चित्र छापले त्याकडे वळू. शिळाछापाची कला बव्हेरियात अलॉइस सेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास शोधली. तिचे तत्त्व साधे आहे. चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर चरबीयुक्त खडूने चित्र काढायचे. मग फरशी पाण्याने ओली करायची. जिथे चरबी आहे तिथे पाणी थांबत नाही. जिथे पाणी आहे तिथे तेलकट शाई चिकटत नाही. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषेवर बसते. कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटते. फरशी घासणे, पाणी मारणे, रूळ फिरवणे, दाब देणे ही कामे अंगमेहनतीची आणि सारखी करायची. छापाच्या कागदावर ती करणाऱ्याचे नाव येत नाही. डॉइलीने पाटण्यात स्वतःचा शिळाछापखाना काढला होता. तिथे जयराम दास हा पाटण्याचा देशी चित्रकार त्याच्या हाताखाली काम करी. त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते जुन्या कागदांत खोदकाम करणाऱ्या अभ्यासकांमुळे. डॉइलीचे नाव ठाऊक व्हायला कोणाला खोदावे लागत नाही.

हीच कला महाराष्ट्रात आली तेव्हा काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातल्या गृहस्थाने स्वतःच्या हिकमतीने शिळाछापखाना उभा केला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते, तेव्हा असले पंचांग सोवळ्यात कसे चालणार, असा प्रश्न निघाला. म्हणून त्याने शाईत चरबीऐवजी तूप वापरले, असे सांगितले जाते. किती अर्थपूर्ण आहे हे! विद्या छापून आली, कागदावरून घराघरांत गेली, तरी विटाळाची भीती शाईत उतरली. एका बहुजन कारागिराला आपले यंत्र चालू ठेवण्यासाठी पंचांगवाल्यांच्या सोवळ्याची समजूत घालावी लागली. तंत्र नवे आले म्हणून मन नवे होत नाही. छापखाना, आगगाडी, पूल यांनी जात आपोआप जाईल असे मानणाऱ्या भाबड्या सुधारकांनी ही तुपाची शाई लक्षात ठेवावी.

पण इंग्रजाच्या चित्रावर टीका केली की आपल्यातल्या एका वर्गाला आनंद होतो. ‘पाहा, साहेबाने आपले कसब चोरले’, असे म्हणून तो आपल्या पंगतीला येऊन बसू पाहतो. त्याच्याशीही आपला हिशेब चुकता व्हायला हवा. त्यासाठी दुसऱ्या एका पुलाची हकीकत सांगतो.

सागर हे शहर आज मध्यप्रदेशात आहे. पेशव्यांचा मामलेदार गोविंदपंत बुंदेले याच्या काळापासून तिथे मराठी घराणी नांदली. १८१८ साली सागर कंपनीकडे गेले. तिथल्या टांकसाळीचा अधिकारी डंकन प्रेसग्रेव्ह याने सागरजवळच्या बेवस नदीवर १८२८ ते १८३० या काळात लोखंडी झुलता पूल बांधला. त्याचा गाळा सुमारे २०० फुटांचा. टेलफर्डचा मेनाय सामुद्रधुनीवरचा ५७९ फूट गाळ्याचा प्रसिद्ध पूल वेल्समध्ये नुकताच, १८२६ साली, वाहतुकीला खुला झाला होता. म्हणजे त्या काळातले सर्वांत नवे तंत्र दोनचार वर्षांत बुंदेलखंडात उतरले. आणि विशेष हे की त्यासाठी लोखंड विलायतेहून आणले नाही. ते मध्य हिंदुस्थानातच गाळलेले होते, आणि त्यावर काम करणारे हातही इथलेच होते. या देशी लोखंडाची परीक्षा करून प्रेसग्रेव्हने ते उत्तम प्रतीचे असल्याचा निर्वाळा दिला होता. मेजर जेम्स फ्रँकलिन याने त्याच सुमारास त्या भागातल्या भट्ट्यांचे बारकाईने वर्णन करून ठेवले. धरमपाल यांनी १९७१ साली अठराव्या शतकातल्या भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात ते पुन्हा उजेडात आणले. तेव्हापासून ‘आपले लोखंड स्वीडनच्या लोखंडाला मागे टाकत होते’ हे वाक्य व्याख्यानांतून फिरते आहे.

लोखंड चांगले होते यात शंका नाही. शंका आहे ती ‘आपले’ या शब्दाची. कोणाचे? दगड फोडून, कोळसा पाडून, मातीची भट्टी घालून, पायाने भाता दाबून रात्ररात्र लोखंड गाळणारे लोक होते आगरिया, गोंड, लोहार. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली ‘द आगरिया’ हा ग्रंथ लिहिला, त्यात या जमातीचे सारे विश्व आहे : त्यांचा लोहासुर, कोळशाचा देव, भट्टीचे विधी. आणि त्यांची भट्टी विझत जाण्याची कथाही आहे. जंगलावर सरकारचा ताबा आला, १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी कोळसा पाडणे अवघड झाले. भट्टीवर कर बसला. आगगाडीने विलायती लोखंड स्वस्त करून दारात आणले. ज्ञान हातात राहिले आणि काम गेले. या माणसांना त्यांच्या ज्ञानाच्या काळात कोणी पंडित म्हटले नाही, शास्त्री म्हटले नाही. ज्या समाजाने ‘हाताने करतो तो हलका’ हे मूल्य शेकडो वर्षे जपले, त्याच समाजाचे वारस आज त्या हातांचे श्रेय ‘प्राचीन भारतीय विज्ञान’ म्हणून स्वतःच्या खात्यावर जमा करतात. साहेबाने पुलावर स्वतःचे नाव लावले, यांनी त्या जागी राष्ट्राचे नाव लावले. आगरिया दोन्ही पाट्यांच्या खालीच राहिला. म्हणून आपली टीका दुहेरी असली पाहिजे. वसाहतीच्या चित्रावर बोलताना गावगाड्यावर गप्प बसणे ही अर्धी टीका झाली. अर्धी टीका नेहमी कोणाच्या तरी सोयीची असते.

तिसरा पूल आणखी बोलका आहे. काशी आणि बिहार यांच्या मधून कर्मनाशा नावाची नदी वाहते. नावातच शाप आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की जन्मभराचे पुण्य नष्ट होते अशी समजूत. त्रिशंकूच्या लाळेतून ती निघाली अशी कथा रचलेली. गयेला आणि काशीला जाणाऱ्या यात्रेकरूंना ती ओलांडावीच लागे. मग काय करत? ज्यांना पुण्य नव्हतेच, म्हणून नाशाचीही भीती नव्हती, अशा काठावरच्या माणसांच्या खांद्यावर बसून ते पलीकडे जात, अशा नोंदी जुन्या वर्णनांत आहेत. पुण्यवानाचे पाय कोरडे राहावेत म्हणून दुसऱ्याने कमरेपर्यंत भिजायचे. वर्णव्यवस्थेचे याहून नेमके चित्र कोणा चित्रकाराला सुचले नसते.

या नदीवर पूल बांधायला निघाला तो पुण्याचा नाना फडणवीस. काम अर्धवट राहिले. पुढे १८२० नंतरच्या दशकात कलकत्त्याचा पोस्टमास्तर जनरल कॉलिन शेक्सपिअर याने तिथे दोरखंडांचा झुलता पूल टाकला. ही युक्ती हिमालयातल्या दोरांच्या पुलांवरून घेतलेली. झुलता पूल ही साहेबाची निर्मिती नव्हे. तिबेट-भूतानात थांगतोंग ग्याल्पो या बौद्ध सिद्धाने पंधराव्या शतकातच लोखंडी साखळ्यांचे पूल बांधले होते. शेवटी काशीच्या राय पटनीमल यांच्या पैशातून आणि जेम्स प्रिन्सेपच्या आराखड्यावरून कर्मनाशेवर दगडी पूल झाला. हा प्रिन्सेप बनारसच्या टांकसाळीचा अधिकारी. बनारसची त्याची चित्रे १८३० नंतर शिळाछापावर निघाली आणि गाजली. पण आपण त्याला ओळखतो ते वेगळ्या कामासाठी. १८३७ साली याच माणसाने ब्राह्मी लिपी उलगडली आणि शेकडो वर्षे मुके झालेले अशोकाचे शिलालेख बोलू लागले. प्रवाशासाठी रस्त्यावर झाडे लावणारा, विहिरी खोदणारा, माणसाला आणि जनावराला औषध देणारा राजा पुन्हा सापडला. ज्या भूमीने बुद्धाला विसरवले, तिने प्रवाशाला पाण्याला शिवू नकोस म्हणून शिकवले. ज्या हाताने ती नदी सांधली त्याच हाताने तो दगड वाचला. हा योगायोग असेल, पण आपल्या दृष्टीने तो फार मोलाचा योगायोग आहे.

इथे मला या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. नानाला पूल कशासाठी हवा होता? पाणी टाळण्यासाठी. त्या पुलाच्या मुळाशी वाहतूक नव्हती, विटाळ होता. आणि याच मराठी मुलखात आमचा लढा कशासाठी झाला? पाण्याला भिडण्यासाठी. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असे कागदावर ठरले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी तळ्याचे पाणी हाताला लागत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत ते पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी घागरींनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. सारोळ्याहून भोर गाठावे, भोरहून वरंधा घाट उतरावा, की महाड येते. ही वाट इथल्या पोरांच्या पायाखालची आहे. एका बाजूला पाण्याला घाबरून पूल बांधणारी संस्कृती आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात हात घालून माणूसपण सिद्ध करणारी चळवळ. झुलत्या पुलाचे जुने चित्र पाहताना मला हा फरक दिसतो. रसिकाला तो दिसणार नाही, कारण पाण्याने त्याला कधी अडवलेले नाही.

मग आपण पुलाच्या विरुद्ध आहोत का? मुळीच नाही. हा गैरसमज आपल्यातल्या काही तरुण मित्रांचाही होतो. साहेबाने केले ते सारे लुटीसाठी केले, म्हणून ते सारे त्याज्य, असे ते म्हणतात. जोतीराव फुल्यांनी असे म्हटले नाही. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता. तिच्या कामांत चरित्रकार येरवड्याचा पूल आणि कात्रजचा बोगदा यांची नावे घेतात. सारोळ्याचा माणूस जुन्या रस्त्याने पुण्याला जातो तो त्याच कात्रजमधून. खडकवासल्याच्या धरणालाही जोतीरावांनी माल पुरवला. चुना कसा मळतात, मजुराची हजेरी कशी लागते आणि कशी खाल्ली जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. म्हणूनच इंजिनियर खात्यातल्या वरच्या जातीच्या कामगारांची लबाडी त्यांनी लेखणीने फोडून काढली. पूल हवा, पण पुलाचा हिशेबही हवा, ही जोतीरावांची भूमिका. पुलावर जात विचारली जात नाही, ही लहान गोष्ट नव्हे. जो रस्ता सर्वांना सारखा आहे तो गावगाड्याला धक्का देतोच. पण रस्ता सारखा झाला म्हणून रस्ता करणारा सारखा झाला असे होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बोलण्याचे धैर्य जोतीरावांत होते. आपल्यात ते असले पाहिजे.

बोरघाटाचे उदाहरण घ्या. १८६३ साली पूर्ण झालेल्या त्या रेल्वेमार्गाचीही सुंदर शिळाछापे आणि छायाचित्रे निघाली. डोंगर, बोगदे, कमानी, धुराची रेघ. १८६१ च्या सुमारास त्या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कॉलऱ्याने ते पटापट मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर लवकरच वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट तडीस नेले, हे इतिहासात आहे आणि असायलाही हवे. मजुरांच्या वाट्याला आली ती फक्त संख्या. लोकांनी मात्र एक आठवण स्वतःच्या हिकमतीने जपली. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा शिंग्रोबा धनगर आणि त्याला मिळालेले मरण. त्याचे छोटे देऊळ घाटात आहे, जाणारे-येणारे तिथे नाणे टाकतात. ती दंतकथा असेल. पण ज्यांना दप्तरात जागा मिळत नाही ते दंतकथेत घर करतात. आपल्या समीक्षेने दप्तर आणि दंतकथा दोन्ही शेजारी ठेवून वाचायला शिकले पाहिजे.

आणि नाव गाळण्याचा हा व्यवहार जुना झाला असे कोणी समजू नये. मोरबीचा झुलता पूल १८७९ सालचा, तिथल्या संस्थानिकाच्या वैभवाची खूण म्हणून दाखवला जाई. मच्छू नदीवरचा हा पूल दुरुस्तीनंतर लोकांना खुला झाला आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला. १३५ माणसे गेली. पहिल्या अटकेत कोण होते? व्यवस्थापकांबरोबर तिकिटे फाडणारे आणि पहारा करणारे. पूल उभा असतो तेव्हा तो ठाकुराचा असतो. पूल पडतो तेव्हा अचानक तिकीटवाल्याचे आणि पहारेकऱ्याचे नाव छापून येते. दीडशे वर्षांत आमच्या माणसाला पुलाच्या इतिहासात शिरायला एवढाच दरवाजा उघडला काय?

तर असे चित्र कसे वाचावे? मला चार प्रश्न पुरेसे वाटतात. नाव कोणाचे आहे? चित्रात कडेला कोण आहे? चित्रात मुळीच नाही असा कोण आहे? आणि हे चित्र कोणाच्या भिंतीसाठी काढले गेले? डॉइलीचे चित्र लंडनच्या दिवाणखान्यासाठी होते. आज तेच आपल्या पुस्तकांत, प्रदर्शनांत ‘वारसा’ म्हणून येते. भिंत बदलली, नजर तीच राहिली. ती नजर बदलणे हे शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. चित्र फाडून ते होणार नाही. चित्र चांगले आहे. साखळीचा तो बाक, दोन तीरांमध्ये अधांतरी तोललेला तो रस्ता पाहताना माझेही मन हलते. ते हलते कारण त्या साखळीतली एकेक कडी कोणीतरी तापवून, ठोकून, जोडून दिलेली आहे हे मला ठाऊक आहे. श्रमाची ही जाण सौंदर्याला मारत नाही, उलट सौंदर्य कोठून आले ते ती सांगते.

त्या मुलीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी पुरे उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या आठवड्यात मी मुलांना कामाला लावले. नीरेवर पूल नव्हता तेव्हा उतार कुठे होता? पावसाळ्यात सांगड कोण लोटी? पुलासाठी चिरा कोणत्या खाणीतून आला, तो फोडणारे वडार कुठून आले, त्यांची पाले कुठे पडली, त्यांच्यातले कोण इथेच राहिले? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, वाड्यावस्त्यांवर जा, ऐकाल ते वहीत लिहा, असे सांगितले. वह्या भरू लागल्या आहेत. एका मुलाने पहिल्या पानावर नावांची यादी केली आहे आणि वर मथळा दिला आहे : ‘पूल’. खाली ना साहेब, ना संस्थानिक, नुसती एकाखाली एक माणसांची नावे. आपल्या समीक्षेने लिहायचा मजकूर हाच आहे असे मला वाटते.